फारखतीचा अर्थ

राजीनामा काय, कुणीही लिहितो! व्यंकटीसर पडले मराठीचे शिक्षक. लातूरच्या क्लासमधून सुटायचं तर शब्दही तोलामोलाचा हवा, असं त्यांनी ठरवून टाकलं. कोर्टाबाहेर बसून अर्ज लिहून देणाऱ्या सरदारचाचांकडून त्यांनी तो मिळवला: फारखती. चाचा म्हणाले, "सर, साधं लिहा, सही घ्या न् बस धरा." सरांनी ते कानाआड केलं.

बस तर धरायलाच हवी होती. नायगावच्या शाळेत नोकरी लागली होती. राजीनामा द्यायचा त्याच दिवशी पाचच्या आत मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. भूकंपात घर गेल्यापासून बायको रुक्मिणबाई नायगावला माहेरी आणि सर क्लासच्या वसतिगृहात, अशी सहा वर्षं गेली होती. प्रमाणपत्रं मात्र मालकांच्या कपाटात! शिक्षक समोरच्या क्लासनं पळवू नये म्हणून तेव्हा ती ठेवूनच घेत.

मालक शिवशंकरसर फिजिक्सवाले. मराठीचा शिक्षक गेला काय, राहिला काय, त्यांना सारखंच. सकाळी नऊला त्यांनी सरांचा कागद समोर घेतला, प्रमाणपत्रं टेबलावर काढली, सहीसाठी पेनाचं टोपण उघडलं आणि सहज विचारलं, "फारखती म्हंजे काय हो?"

तिथं सरांचा घात झाला. 'सुटकेचं पत्र' एवढं सांगून गप्प बसावं की नाही? सर खुर्ची ओढून बसले. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लिखाण. अरबीतून फारसीत, तिथून निजामाच्या कचेरीत. भागीदार वेगळे झाले की फारखती, देणं फिटलं की फारखती, नवराबायकोची फारकतही तिथलीच! मालकांनी टोपण परत लावलं आणि केमिस्ट्रीची अख्खी बॅच आत बोलावली. पोरं वह्या काढून लिहू लागली, तसा सरांना आणखीच चेव आला. सहा वर्षांत कुणी त्यांचं इतकं ऐकलं नव्हतं.

थांबले तेव्हा साडेअकरा झाले होते. नायगावची दिवसातली एकुलती बस दहालाच गेली होती. मालकांनी प्रमाणपत्रं कपाटात टाकून कुलूप लावलं आणि सोमवारपासून शब्दांची खास बॅच जाहीर केली. "असा माणूस कुणी सोडतंय व्हय?" ते कौतुकानं म्हणाले. सरांनी हातापाया पडून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून नायगावला फोन लावताना त्यांना रडूच फुटत होतं.

"सही करून देत व्हता म्हणता, मग अडलं कुठं?" रुक्मिणबाईनं विचारलं.

"त्यानं अर्थ विचारला गं."



"न् तुम्ही सांगितला," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.