तांदुळज्याचं हरीण

एका जंगलात, बाळांनो, मोठा दुष्काळ पडला होता. कुठलं जंगल ते विचारू नका. तिथले रहिवासी अजून हयात आहेत आणि फार लवकर रागावतात.

सगळीकडचं गवत जळून गेलं होतं. थोडं हिरवं उरलं होतं ते फक्त पाणवठ्याच्या काठाला, आणि काठाला ढाण्या महाराज दबा धरून बसत. ढाण्या महाराज म्हणजे वाघ. हरणं उपाशी, म्हणून वाळलेली. हरणं वाळलेली, म्हणून महाराजही अर्धपोटी. एक हरीण खाऊन दात कोरत बसावं, तर दाताला लागण्यापलीकडे त्यात काही नसे. मग ते लगेच दुसऱ्याच्या मागे लागत.

त्या जंगलात ठिपकी नावाची एक हरिणी होती. तिचं पाडस टिंबू दुष्काळातच जन्मलं होतं. पोटभर दूध मिळालं नव्हतं, त्यामुळे पळताना तो नेहमी कळपाच्या शेवटी असे. शेवटी असणाऱ्याचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही शाळेत जाता. ठिपकीची थोरली लेक मागच्या उन्हाळ्यात अशीच शेवटी राहिली होती. आता टिंबूची वेळ आली आहे, हे सगळ्या कळपाला कळत होतं, आणि म्हणून सगळे त्याच्याशी फार गोड बोलत.

ठिपकीला ते गोड बोलणं सहन होईना. ती साळूमावशीकडे गेली. साळूमावशी म्हणजे साळिंदर. मुळं उकरून खाता खाता तिला झाडं आतून कळायला लागली होती. जंगलात तिला शास्त्रज्ञ म्हणत, म्हणजे तिच्याशी कुणी फारसं बोलत नसे.

“मावशी, वाघाला पाला खायला लावता येईल का गं?”

“वाघाला नाही लावता येणार. पाल्याचं काहीतरी बघता येईल.” साळूमावशीने तांदुळज्याचं एक पान तोडून उन्हात धरलं. “यात हिरवे बारीक दाणे असतात. हरितलवकं म्हणतात त्यांना. एकेक दाणा म्हणजे एकेक स्वयंपाकघर. ऊन, पाणी, हवा घ्यायची आणि साखर रांधायची. एवढ्याशा पानात अशी लाखो स्वयंपाकघरं, पण रोज पदार्थ तेच. मी त्यांना दोन नवे शिकवते. एक, हरणाच्या मांसात असतं ते प्रथिन. दुसरा, पाण्यावाचून तग कसा धरायचा ते.”

“अगं पण ते रानभर पसरलं तर? उद्या आमच्या गवताच्या काडीकाडीत मांस!”

“नाही पसरत. परागावर बसून बापाकडून जे जातं ते गावभर होतं. स्वयंपाकघरातलं मात्र लेकराला आईकडूनच मिळतं. बाप त्यात लक्ष घालत नाही.”

“आमच्याकडेही तसंच आहे,” ठिपकी म्हणाली.

साळिंदर काटे फेकून मारतं, अशी एक जुनी अफवा आहे. ती खोटी आहे. पण साळूमावशीने ती इतक्यांदा ऐकली होती, की शेवटी तिने सराव केला होता. काट्यांची टोकं तिने त्या नव्या कृतीत बुडवली आणि पानांवर नेम धरला. पुष्कळ पानं मेली. काही जगली, पण त्यांतली निम्मी स्वयंपाकघरं जुनाच बेत करत राहिली. मावशी पानाचा तुकडा घेई, त्यातून रोप वाढवी, पुन्हा तुकडा घेई. असं करता करता एक रोप असं आलं, की त्यातल्या एकूण एक स्वयंपाकघरात नवा पदार्थ शिजू लागला. सगळं रान पिवळं पडलेलं, आणि मावशीच्या बिळापुढे तांदुळजा तरारून उभा. त्याला घागरभर पाणीसुद्धा लागत नव्हतं.

मावशीने त्याचं बी पेरून वाफाभर तांदुळजा केला आणि एक भारा महाराजांपुढे नेऊन ठेवला. भुकेला कोंडा, निजेला धोंडा. महाराजांनी डोळे मिटून घास घेतला.

“चव हरणाची,” ते म्हणाले. “आवाज तेवढा भाजीचा येतो.”

त्यांनी सगळा भारा संपवला आणि तिथेच आडवे झाले. कित्येक दिवसांनी महाराज घोरले. त्या दुपारी टिंबू पाणवठ्याच्या काठाला पोट भरेपर्यंत चरला. ठिपकी नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तिला इतका आनंद झाला होता, की स्वतः चरायचं राहूनच गेलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण महाराज उठले आणि त्यांना एक विचार सुचला.

“मला चालेल हो,” ते म्हणाले, “पण लोक काय म्हणतील? सभा घ्या.”

आता तुम्हाला त्या जंगलाची रीत सांगायला हवी. तिथे दोन पंगती होत्या, एक मांसाची आणि एक पाल्याची. कुठल्याही पदार्थाबद्दल पहिला प्रश्न हाच, की तो कुठल्या पंगतीचा? तो पोटाला बरा की वाईट, हा प्रश्न नंतर, वेळ उरला तर. उपाशी पोटी धर्म सुचत नाही म्हणतात. त्या जंगलात तो उपाशी पोटीच जास्त सुचायचा.

सभेचे अध्यक्ष होते बगळेशास्त्री. मासा ही पाण्यातली भाजीच, असं त्यांचं जुनं मत होतं, त्यामुळे त्यांना दोन्ही पंगतींत पान असे. ते एका पायावर उभे राहून विचार करत. दोन्ही पायांवर उभं राहिलं की निर्णय द्यावा लागतो, अशी त्यांना भीती होती.

“हे पान शाकाहारी की मांसाहारी?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

“यासाठी एकही हरीण मेलेलं नाही,” साळूमावशी म्हणाली.

“म्हणजे हा पाला!” तरसराव ओरडले. तरसराव मांसाच्या पंगतीचे पुढारी. महाराजांनी टाकलेलं उष्टं वर्षानुवर्षं त्यांच्याच घरी जाई. “महाराज पाला खाणार आणि आम्ही मागे काय चघळायचं, देठं? वाघाच्या पंगतीला पाला चालणार नाही.”

“पण त्यात प्रथिन हरणाच्या मांसातलंच आहे,” मावशी म्हणाली.

“शिव शिव!” शिंगाडे आजोबा मागे सरकले. ते म्हातारे सांबर, पाल्याच्या पंगतीचे वडीलधारे. “म्हणजे हे मांस. आमच्या पंगतीला चालणार नाही. बाट लागेल.”

“अहो आजोबा,” ठिपकी रडकुंडीला आली, “पण आपण कुठे खाणार आहोत ते? वाघाने खायचंय. आपली लेकरं वाचावीत म्हणून.”

आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल, असं ठिपकीला वाटलं.

“सूनबाई,” आजोबा हळूच म्हणाले, “वाघाच्या पानात काय वाढायचं, ते आपण सांगायचं? बरं दिसतं का?”

शेवटी समिती नेमली. पंगत ठरेपर्यंत ते पान कुणीही तोंडाला लावू नये, असा ठराव झाला. तोवर चालत आलेली रीत चालू राहील, असंही एकमताने ठरलं. चालत आलेली रीत म्हणजे काय, हे टिंबूकडे बघून सगळ्यांना आठवलं. महाराजांनाही वाईट वाटलं. पण राजाने ठराव मोडायचा नसतो. उद्या सकाळी शिकारीला निघू, असं ते खाली मान घालून म्हणाले.

ठिपकी घरी गेली नाही. ती थेट तरसरावांच्या गुहेपाशी गेली. हरिणी आपण होऊन दारात आलेली बघून तरसरावच दचकले.

“तुमच्याकडे जुनी कातडी असतात ना? एक लहान द्या. आणि उद्या महाराजांनी काय टाकलं, तर ते नेहमीसारखं तुम्हीच न्या. देठं कोवळी आहेत, मी बघितलीयेत.”

तरसरावांना राजकारण कळत असे. ते काही न विचारता आत गेले आणि एका पाडसाचं कातडं घेऊन आले. ठिपकीने ते हुंगलं. ते कुणाचं, हे तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं. ती थोडा वेळ त्यात तोंड खुपसून रडली, आणि मग ते पाठीवर टाकून साळूमावशीकडे निघाली.

मावशीने पानं आपल्या काट्यांना टोचून घेतली. तोंडाला लावू नये, असाच ठराव होता. दोघींनी कातड्यात तांदुळजा ठासून भरला, काट्यांनीच टाके घातले आणि ते पाडस पाणवठ्याच्या वाटेवर उभं केलं.

सकाळी अख्खं जंगल झुडपांमागे बघायला जमलं. महाराज आले. त्यांनी वास घेतला. त्यांनी ठिपकीकडे बघितलं. ठिपकीने मान खाली घातली. मग महाराजांनी अशी डरकाळी फोडली, की बगळेशास्त्री क्षणभर दोन्ही पायांवर आले. काय ती झेप! काय ते झडप घालणं! पाडसाने जागचं हलूनसुद्धा बघितलं नाही.

“याला म्हणतात परंपरा!” शास्त्रीबुवा म्हणाले. तरसराव देठं घेऊन गेले. महाराजांचा पराक्रमाबद्दल सत्कार झाला. साळूमावशीला मागे बसवलं होतं, कारण तिचे काटे लोकांना टोचतात.

आता टिंबू रीतसर मेला होता, तेव्हा त्याचं तेरावं करणं आलं. दुष्काळात तेरा दिवस थांबायला कुणाला जमतंय? ते दुसऱ्याच दिवशी उरकत. पाल्याची पंगत बसली. शिंगाडे आजोबा उभे राहिले आणि डोळे टिपत म्हणाले, “फार गुणी लेकरू होतं.”

“आई, कोण गेलं?” ठिपकीला बिलगून बसलेल्या टिंबूने विचारलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. कुणी चघळेना. आजोबा सावकाश चालत आले.

“हा कोण?”

“पाहुणा आहे,” ठिपकी म्हणाली.

“कुणाकडचा?”

“माझ्याकडचा.”

आजोबांनी टिंबूकडे खूप वेळ बघितलं. त्यांनीही आपली नातवंडं त्याच पाणवठ्यावर घालवली होती.

“मग बघत काय बसलात?” ते पंगतीवर खेकसले. “पाहुण्याला आधी वाढा. फार वाळलाय.”

त्यानंतर जंगलात रोज शिकार झाली, रोज तेरावं झालं, आणि कळपात पाहुणे इतके वाढले की काठ अपुरा पडू लागला. पान कुठल्या पंगतीचं, यावर समिती अजून विचार करते आहे.

तात्पर्य: नवी गोष्ट लोकांच्या भल्याची असेल, तर ती खरी सांगून कुणाला संकटात टाकू नये. जुन्या कातड्यात भरून गुपचूप वाढावी, आणि गुण आला की कातड्याचा सत्कार करावा.