वाचक

आमच्या कारखान्यातले स्टोअरकीपर इनासभाऊ दुपारचा डबा अकरा मिनिटांत संपवत आणि उरलेली एकोणीस मिनिटं लोकांच्या ब्लॉगवर जात. वाचायला जात असं मी म्हणत नाही. ते भेटीलाच जात. प्रत्येक लेखाखाली त्यांची प्रतिक्रिया एकाच शब्दांनी सुरू होई : ‘आलो होतो.’

प्रेमभंगाच्या कवितेखाली : ‘आलो होतो. कविता वाचली. जेवता ना वेळेवर?’ पाककृतीखाली : ‘आलो होतो. मीठ सांगायचं राहिलंय.’ संगणकावरच्या किचकट लेखाखाली : ‘आलो होतो. काही कळलं नाही. मेहनत दिसते.’

‘शून्य प्रतिक्रिया’ हे दोन शब्द त्यांना सहनच होत नसत. “पाटणकर, माणसाने एवढं मांडून ठेवलं आणि उंबऱ्यावर एक चप्पल नाही. बरं दिसतं का?” ते मला म्हणत.

मालाच्या नोंदीसारखी त्यांनी वहीही घातली होती : ब्लॉगचं नाव, गाव, शेवटच्या लेखाची तारीख. दोनशे चौदा नावं. मी स्वतः मोजली, कारण ते दोनशे वीस सांगत.

त्या वर्षी वसईच्या एका कॉलेजात तंत्रज्ञान परिषद भरली. तिच्यात मराठी ब्लॉगवाल्यांचा मेळावाही होता. इनासभाऊंना तंत्रज्ञानाशी कर्तव्य नव्हतं. डोंबिवलीची एक सुनंदा ‘गॅलरीतली बाग’ नावाचा ब्लॉग लिहायची. ती गप्प झाली होती.

“त्र्याहत्तर दिवस! दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. येणाऱ्यांच्या यादीत नाव आहे. आली तर बरी आहे. नाही आली तर…” त्यांनी वही मिटली. मला म्हणाले, “तुम्ही चला. मला एकट्याला धीर नाही.”

दारात नावाचे बिल्ले लिहिणाऱ्या मुलीने विचारलं, “काका, तुमच्या ब्लॉगचं नाव?”

“ब्लॉग नाही.”

“मग खाली काय लिहू?”

“वाचक लिही, बाय.”

आत पस्तीस ब्लॉगवाले, एक वाचक आणि सोबतीला मी. पहिल्या भाषणात इनासभाऊंनी पाच वेळा मागे वळून दाराकडे पाहिलं. चहाच्या वेळी कोणीतरी बिल्ला वाचला आणि ओरडलं, “अरे, हे ‘आलो होतो’!” बघता बघता भोवती गर्दी झाली. एक दाढीवाला तरुण पुढे येऊन म्हणाला, “काका, जेवतो मी. लग्नही ठरलंय.”

“मग कवितांचं काय?”

“बंद.”

“वाईट झालं,” इनासभाऊ म्हणाले, पण नजर दारावर होती.

साडेबाराला निळ्या साडीतली एक बाई धापा टाकत आली. बिल्ल्यावर सुनंदा. इनासभाऊ चहाचा कप हातात धरूनच धावले. “कुठे होतीस गं?”

“काका, मुलाची दहावी! ह्यांनी कीबोर्ड कपाटात कुलूपबंद केला.”

“परीक्षा संपून महिना झाला!”

“चावी सापडत नाहीये ना!”

सगळे हसले. इनासभाऊंनी खुर्ची ओढली, बसले आणि चष्मा पुसू लागले. खूप वेळ पुसला. “मोगऱ्याला कळ्या आल्या?” एवढंच विचारलं.

“आल्या. पण तुम्ही स्वतः का नाही लिहीत? तुमच्या सांडोर गावची केळी, वाडी, विहीर… केवढं आहे तुमच्याकडे.”

ते चष्म्याकडे बघत म्हणाले, “लिहिलं असतं. पण मी मांडून बसलो आणि कोणी आलंच नाही, तर?”



मला एक आकडा सुचला. बायको गेल्यापासून हा माणूस सांडोरच्या मोठ्या घरात एकटा राहत होता. दोन्ही मुलगे परदेशी. अकरा वर्षं आमची टेबलं शेजारी. दर सोमवारी त्यांच्या वाडीतली केळी माझ्या घरी पोचत. माझ्या घरापासून सांडोर सायकलवर वीस मिनिटं. मी तिथे किती वेळा गेलो होतो? एकदाही नाही.

“इनासभाऊ,” मी म्हटलं, “येत्या रविवारी घरी आहात?”

“मी कुठे जाणार? का?”

“येतो आम्ही.”

 घाईघाईने चष्मा चढवून ते म्हणाले, “किती जण?”

“आम्ही घरचे चौघे.”

“काका,” सुनंदा म्हणाली, “पाच धरा.”