गावंडेबाबूंचा आयात-निर्यात व्यवहार

गावंडेबाबूंशी तुमची ओळख व्हायची असेल तर ते नमस्कार करतील अशी अपेक्षा ठेवू नका. ते सरळ तुमच्या मागे जातात, दोन बोटांनी शर्टाची कॉलर उलटवतात, चष्मा कपाळावर सरकवून आतली पट्टी वाचतात आणि मग समोर येऊन निकाल देतात. "बांगलादेश. आपलाच माल, फिरून आला." एवढं झालं की ओळख झाली असं समजायचं.

मी राळेगावला बस स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि बाबूंचं घर माझ्या घराला लागून आहे. माझ्या कॉलरी त्यांनी इतक्यांदा उलटवल्या आहेत, की इस्त्री केली तरी त्या सकाळी दहाला, बाबूंच्या यायच्या वेळी, आपोआप उभ्या राहतात. बाबूंची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. सरकी काढलेल्या रुईच्या गाठी ट्रकमध्ये चढायच्या आणि बाबू फाटकाशी उभं राहून त्या मोजून घ्यायचे. मालक सांगायचा, हा ट्रक बंदरावर चालला, तिथून परदेशात. मग ट्रक वळणाआड जाईपर्यंत बाबू बघत राहायचे. स्वतः ते नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. पण कुठल्या देशात सूत काततात, कुठे कापड विणतात आणि कुठे बटणं लावतात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. न विचारताही सांगतात, हा खरा त्रास आहे.

"रुई आपली अन् शर्ट त्यायचा," ते सांगू लागतात. "आपण बोंडं इकतो अन् बुशकोट इकत घेतो. मधातली मलाई कोण खाते? ज्यानं शिवला तो! याले म्हणतात व्हॅल्यू ॲडिशन."

टीव्हीवरच्या बाजाराच्या बातम्यांत हा शब्द त्यांना एकदा सापडला, तेव्हापासून तो त्यांनी खाली ठेवलेला नाही. भज्यांच्या गाडीवर ते भजी खात नाहीत, कांद्याची व्हॅल्यू ॲडिशन खातात. बाहेरच्या कापसावरचं शुल्क सरकारनं उठवलं त्या दिवशी ते दुकानात आले आणि माझ्या झेरॉक्स मशीनकडे रागानं बघत म्हणाले, "हे जपानचं ना? यानं कधी आपली एक तरी गाठ घेतली काय?" मशीन काही बोललं नाही. मीही माझं काम करत राहिलो.

बाभुळगावच्या एका लग्नात तर कहर झाला. आम्ही आहेर द्यायला स्टेजवर चढलो. बाबूंनी नवरदेवाच्या मानेमागे हात नेला. वडीलधारा माणूस आशीर्वाद देतो आहे असं समजून तो बिचारा कमरेत वाकला. बाबूंनी त्याच्या कोटाची कॉलर उलटवली आणि ओरडले, "व्हिएतनाम!"

नवरीची मावशी घाबरली. "काय निंगालं जी?"

"घाबरू नका बाई. जावई लोकल हाय, कोट तेवढा फॉरेनचा हाय."

फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला. अल्बममध्ये नवरदेव वाकलेला, बाबू मानेत तोंड खुपसलेले आणि मी शेजारी निर्लज्जासारखा हसत उभा.

पण बाबूंचा खरा जागतिक व्यापार चालायचा तो आमच्या गल्लीत. आमच्याकडे शेजारून वाटी भरून आली, तर ती रिकामी परत करत नाहीत. भांड्यांवर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं असतं, त्यामुळे घोळ होत नाही. बाबूंच्या घरचं हे खातं त्यांच्या बायकोकडे, सुमनकाकूंकडे होतं. बाबू ओट्यावर बसून नुसती बातमी द्यायचे. मेकॅनिक रशीदभाईंच्या घरून शमीमभाभी ईदचा शीरखुर्मा घेऊन आल्या की, "आयात!" त्याच वाटीतून काकूंचे गव्हाच्या पिठाचे, काडीवर वळलेले सरगुंडे निघाले की, "निर्यात!" बुद्धपौर्णिमेला खोब्रागडे वहिनींची खीर यायची, तेव्हा बाबू तिला "सीझनल कमोडिटी" म्हणायचे आणि दोनदा मागून घ्यायचे.

काकूंचा हुकमी माल म्हणजे वांग्याचं भरीत. तेही पऱ्हाटीवर, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते त्या काडीच्या जाळावर भाजलेलं. "वांगं कोणाचंबी असो, जाळ आपल्या पऱ्हाटीचा पाह्यजे," बाबू म्हणायचे. एकदा सांडपाण्यावरून काकूंचं आणि माझ्या बायकोचं, वंदनाचं, वाजलं. बाबूंनी ओट्यावरून आमच्या घरावर भरिताची निर्यातबंदी जाहीर केली. संध्याकाळी काकूंनीच भिंतीवरून वाटी सरकवली. बाबूंनी ती पाहिली, "स्मगलिंग" एवढंच पुटपुटले आणि तोंड फिरवून पेपर वाचू लागले.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. दुपारी भिंतीवरून वंदनाला भरिताची वाटी देऊन गेल्या, संध्याकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

गल्लीनं बाबूंना उपाशी राहू दिलं नाही. रोज कुठल्या ना कुठल्या घरून वाटी जायची. गंमत अशी, की वाट्या जायच्या, पण परत यायच्या नाहीत. बायका आधी काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस शमीमभाभी दुकानात आल्या. "भाईजान, कटोऱ्याची बात नाही हो, पण तो माझ्या अम्मीनं देल्ला होता." खोब्रागडे वहिनींच्या घरी आमटी आता पेल्यातून वाढत होते. पुढे तर बाबूंनी दारच लावून घेतलं. वाटी घेऊन कोणी गेलं की आतून आवाज यायचा, "आयात बंद हाय!"

त्यानंतरच्या महिन्याभरात बाबू पार वाळले. पुसदहून त्यांची मुलगी आली, बापाची दशा पाहून रडली आणि सांगून गेली, की येत्या रविवारी गाडी घेऊन येते, आता इथे एकटं राहायचं नाही. बाबूंनी नुसती मान हलवली. शेजारच्या ओट्यावरच्या बातम्या बंद होणार हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी बायकांनी मला वाट्या आणायला पिटाळलं. बाबूंनी दार उघडलं, पण माझी कॉलर उलटवली नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

स्वयंपाकघरात फळीवर सगळ्या वाट्या मांडल्या होत्या. लखलखीत घासलेल्या, कोरलेली नावं समोर करून.

"बाबूजी, सगळ्या तर हायेत. मंग देत काहून नाही?"

"कायनं भरून देऊ?" बाबू म्हणाले. "सुमननं जलमात रिकामी वाटी पाठोली नाही. आता म्या पाठोल्या तर लोकं म्हणतीन, बाई गेली अन् तिचं घरबी गेलं."

"चिमूटभर साखर टाका. चालते."

"दुकानातली साखर? इथून घ्याची अन् तिथं द्याची? आपलं काय त्याच्यात?" ते चिडले, आणि चिडलेले पाहून मला बरं वाटलं. मग पुन्हा खाली बसले. "मले च्याच्या पलीकडं काही येत नाही. रोज येऊन राह्यलं, जाऊन काहीच नाही राह्यलं. म्हणून आयात बंद केली. उद्या पोरगी येते. पण लोकायच्या वाट्या ठेवून गाव कसं सोडू?"

मी परसात डोकावलो. काकूंनी रचून ठेवलेली पऱ्हाटी तशीच होती. मी म्हणालो, "बाबूजी, जाळ तर आपला हाय."

त्यानंतर जे झालं त्याला स्वयंपाक म्हणता येणार नाही. बाजारातून वांगी आणून आम्ही दोघांनी जाळावर टाकली. भाजायच्या आधी वांग्याला टोचे मारायचे असतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिलं वांगं फुटलं ते थेट बाबूंच्या बनियनवर. धूर पाहून शमीमभाभी बादली घेऊन धावल्या आणि आम्हाला पाहून तिथेच बसून हसू लागल्या. बाबूंनी बनियन ओढून, मान वळवून पट्टी वाचायचा प्रयत्न केला. "तिरुपूर. देशी हाय. धुतलं की निंगते."

बाकीचं शमीमभाभींनी बसल्या जागेवरूनच सांगितलं. मिरची भाजून घाला, कांद्याची पात घाला, शेंगदाणे कुटून घाला. मीठ त्यांनी एकदा सांगितलं, बाबूंनी टाकलं आणि मग मीही टाकलं.

दुपारी बाबू इस्त्रीचा शर्ट घालून घरोघरी गेले. प्रत्येक दारात वाटी द्यायचे आणि म्हणायचे, "निर्यात." आमची गल्ली त्या दिवशी फार पाणी प्यायली. तरी कोणी भरीत टाकलं नाही. खोब्रागडे वहिनींनी तर बाबूंच्या देखत वाटी पुसून खाल्ली.

संध्याकाळी वंदनानं आमच्या मांडणीवरून एक वाटी काढली. ती त्या शेवटच्या भरिताची वाटी होती. इतके महिने ती आमच्याकडेच होती. उद्या देते, परवा देते, असं वंदना म्हणायची आणि घासून पुन्हा ठेवून द्यायची. ती परत केली की काकूंशी असलेला व्यवहार संपेल, याची तिला भीती वाटायची. मी कधी विचारलं नाही, कारण मलाही तीच वाटायची. वंदनानं वाटीत बेसनाच्या पातोडीचा रस्सा भरला आणि आम्ही दोघं गेलो.

बाबू ओट्यावर होते. शेजारी पुसदला न्यायची पिशवी भरून ठेवलेली होती. त्यांनी वाटी घेतली आणि सवयीनं दोन बोटांनी फिरवली, चष्मा कपाळावर सरकवला. 'सौ. सुमन मनोहर गावंडे.' एवढं वाचायला त्यांना फार वेळ लागला.

"आपलाच माल," ते म्हणाले. "फिरून आला."

वंदना डोळे पुसत म्हणाली, "वाटी तुमची हाय बाबूजी, पण रस्सा आमचा हाय. उद्या काय पाठोता?"

बाबूंनी रश्श्यात बोट बुडवून चाखलं. मग पिशवी पायानं दाराच्या आत सरकवली आणि मला म्हणाले, "फोन लावून द्या बरं पुसदले. सांगतो पोरीले, उद्या येऊ नको. इथं ऑर्डर हाय."