नाजूक जागेची काळजी

सुईबाई अंघोळ करून बाहेर आल्या, तोवर त्यांच्या स्कूटरची किल्ली सासूबाईंच्या कमरेला जाऊन बसली होती.

सुईबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. रक्त तपासायच्या लॅबमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली. सकाळी साडेसहाला स्कूटर काढायची, घरोघर जाऊन लोकांच्या दंडाला पट्टा आवळायचा, शीर शोधायची, नळी भरायची. पेशंटांनी ठेवलेलं नाव हळूहळू घरातही रुळलं. अशा या बाईने पन्नाशी उलटल्यावर शनिवारी स्वतःच टोचून घेतलं. कानाच्या वरच्या कडेला, बारीकसा खडा. का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना धड सांगता आलं नसतं. पण कुणी विचारलंच नाही.

टोचणाऱ्या मुलीने पाकिटात घालून दिलेलं कार्ड मात्र नवऱ्याने रविवारी चहासोबत मोठ्याने वाचलं. हा माणूस छापील अक्षराला फार मानणारा; काडेपेटीसुद्धा वाचून मग काडी ओढायचा. कार्डावर ठळक लिहिलं होतं, 'नाजूक जागेची काळजी'. लिहिणाऱ्याला लाज इतकी, की जागा कुठली ते त्याने अख्ख्या कार्डात एकदाही सांगितलं नव्हतं. जिथे तिथे नुसतं 'ती जागा', 'त्या जागी' आणि 'सदर भाग'.

छिद्राचे प्रकार तीन : उभे, आडवे आणि त्रिकोणी. उभे चार ते आठ आठवड्यांत बरे होते, आडव्याला त्याहून जास्त वेळ लागतो, त्रिकोणीला कित्येक महिने. नवऱ्याने बॅटरी आणून बायकोचा कान चारी बाजूंनी पाहिला आणि निकाल दिला, "तुझं आडवं. कान उभा असतो ना, म्हणजे भोक आडवंच."

पुढे नियम. हात धुतल्याशिवाय सदर भागास स्पर्श करू नये. दिवसातून दोनदा सलाइनने स्वच्छता करावी, लहान आरसा हाती धरावा. दागिना फिरवू नये. सुती, सैल कपडे घालावेत. सायकल, स्कूटर व घोडा वर्ज्य. जड ओझे उचलू नये. जोडीदाराने संयम पाळावा. लघवीनंतर त्या जागी कोमट पाणी ओतावे.

"लघवीनंतर? कानावर?" नवरा पहिल्यांदाच अडखळला.

"शरीराच्या सगळ्या नाड्या कानातूनच जातात," सासूबाई म्हणाल्या. "छापलंय ते उगाच नाही. घोड्याचं आपल्याला काही नाही, पण स्कूटर बंद."

सुईबाईंनी कार्ड हातात घेतलं. रक्त-लघवीतच उभा जन्म गेलेला. शेवटची ओळ वाचताच त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टोचायच्या दुकानात पलीकडच्या पडद्याआड कुणीतरी हूं की चूं न करता होतं, तेही आठवलं. कार्डांची अदलाबदल झाली होती. हे कानाचं नाही, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात नवऱ्याने त्यांच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली.

"मी आणतो. तुला ओझं नको."

सुईबाईंनी तोंड मिटलं.

तो आठवडा म्हणजे त्यांच्या संसारातली पहिली रजा. लॅबच्या साहेबांना नवऱ्याने परस्पर फोन केला. त्यांनी स्कूटरवरच्या फेऱ्या दुसऱ्यांना वाटल्या आणि सुईबाईंना खिडकीशी, पंख्याखाली बसवलं. सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामाला नेणं-आणणं नवऱ्याकडे गेलं. संयम पाळायचा म्हणून त्याने गादी उचलून हॉलमध्ये टाकली, तिच्याबरोबर त्याचं घोरणंही गेलं. सुईबाई पलंगावर आडव्या पसरायच्या आणि छताकडे बघत म्हणायच्या, बाईच्या जातीला रजा हवी तर आधी भोक पाडून घ्यावं लागतं.

मंगळवारी त्या मुलीचा फोन आला. बिचारी रडायच्या बेतात होती. तुमचं कार्ड दुसऱ्या मॅडमना गेलंय, त्यांनी नंबर चुकीचा दिलाय, आता त्यांना शोधू कुठे? सुईबाईंनी तिची समजूत काढून फोन ठेवला. कुठेतरी एक बाई भलत्याच ठिकाणी कानाचे नियम पाळत होती. ती जखम पिकली तर? सांगावं, तर कुणाला? आणि घरात खरं सांगितलं की किल्ली कमरेवरून सुटणार, गादी परत येणार. निदान महिना भरू दे, असं त्या रोज ठरवायच्या आणि रोज स्वतःला दोन शिव्या घालायच्या.

पुढच्या रविवारी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. भावाच्या घरी पाऊल टाकलं की आधी धूळ बघायच्या, मग वहिनी. आज भाऊ पोळपाटापुढे बसलेला बघून त्यांच्या भिवया वर गेल्या. कानाला भोक पाडलं म्हणून बाईमाणूस लोळतं, हे त्यांना पटेना. सासूबाईंनी फ्रिजवर चिकटवलेल्या कार्डाकडे बोट दाखवलं.

वन्संनी चष्मा चढवला. वाचता वाचता त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. खुर्ची पुढे केली तरी त्या बसल्या नाहीत. सुईबाईंच्या लक्षात आलं, वन्सं आल्यापासून उभ्याच आहेत.

त्यांनी वन्संना हाताला धरून आत नेलं आणि दार लोटलं.

"वन्सं, पडद्याआड तुम्ही होतात?"

वन्संनी पर्समधून एक चुरगळलेलं कार्ड काढलं. "त्या कुशीवर झोपू नका, केस लागू देऊ नका, फोन दुसऱ्या बाजूला धरा," त्यांनी वाचून दाखवलं. "आठवडाभर मी हे पाळतेय, वहिनी. स्कूटरवरून शाळेत जातेय."

सुईबाईंना हसू आवरेना, पण त्यांनी ते गिळलं. ताप आहे का, पू आहे का, सूज वाढतेय का, असं सगळं पेशंटला विचारावं तसं विचारलं. तसं काही नव्हतं, नुसती आग आग होत होती. त्यांनी सलाइनची बाटली दिली, दागिना मुळीच काढायचा नाही असं बजावलं आणि उद्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरवलं.

"का केलंस, असं विचारणार नाहीस?" वन्संनी विचारलं.

"मला तरी कुणी विचारलं?"

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला : आठ दिवस झाले, सुईचं आता बरं झालं असेल ना, किल्ली देऊन टाकू का?

वन्संनी दार बोटभर उघडलं. शाळेच्या मैदानात लावतात तो आवाज लावला.

"दादा, कार्डावर आहे तेवढे दिवस मुकाट्याने पाळायचं. माझं लक्ष राहावं म्हणून मी पण इथेच राहतेय."

दार बंद झालं. वन्संना कुशीवर टेकायला सुईबाईंनी आपली उशी दिली आणि स्वतः पलीकडच्या कडेला लवंडल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून विचारणा झाली, साखर कुठे असते?

दोघींनी ऐकलं. सुईबाईंनी उठून दाराला आतून कडी घातली.