जीपच्या उजव्या अंगाचं डुक्कर

एका जंगलात एक जीप होती. कुणा शिकाऱ्याची असेल. तो पळाला, जीप राहिली. सिंहमहाराजांनी ती राज्याची म्हणून जाहीर केली आणि तिच्या नाकावर स्वतःचं चित्र काढून घेतलं. चित्र नवं होतं. जीप जुनी होती.

पोरांनो, हसू नका, पुढं ऐका.

ही जीप रोज सकाळी जंगलातली पिलं घाटाखालच्या शाळेत सोडायची. चालवायला भागा अस्वलीण. अंगानं दांडगी, तोंडानं त्याहून दांडगी. तिचं स्वतःचं पिल्लूही त्याच जीपमध्ये बसायचं.

एके दिवशी जीप डावीकडे ओढायला लागली. आणि घाटात डावीकडे काय? उतार. घसरलात की गेलात.

भागा स्टिअरिंग उजवीकडे ताणून धरायची. हात भरून यायचे. खड्डा आला की खालून खडाड् आवाज यायचा आणि कमरेवर घागर घेतलेल्या बाईसारखी जीप एका अंगाला कलायची.

भागा दरबारात गेली. "महाराज, जीपच्या खाली काहीतरी मोडलंय. कुणाला तरी शिरून बघायला सांगा. पिलं बसतात त्यात."

दरबार आभाळाकडे बघायला लागला. त्या जंगलात राजाच्या वस्तूकडे खालून बघायची पद्धत नव्हती. वरून बघायचं, मान डोलवायची, 'वा वा' म्हणायचं. खालून बघणारा राजद्रोही. शिवाय खाली चिखल असतो.

"तूच का नाही बघत?" महाराजांनी विचारलं.

"माझं हे अंग मावत नाही तिच्याखाली. मावलं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

मग महाराजांनी तज्ज्ञ बोलावला. टिकोजी माकड. तो शहरात एका गॅरेजसमोरच्या झाडावर राहून आला होता. झाला तज्ज्ञ.

टिकोजी सीटवर बसला. डोळे मिटले. हॉर्न वाजवला.

"हॉर्न उत्तम आहे."

"हॉर्नचं कुणी विचारलं, मेल्या?"

"बाई, तपासणीची एक रीत असते." टिकोजीनं डोळे उघडले. "गाडी डावीकडे ओढते, म्हणजे उजवीकडे वजन कमी पडतंय. उजवीकडे कुणीतरी जड बसवा."

"आणि तो खडखडाट?"

"तो ऐकू येतो ही खरी अडचण आहे. पिलांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावा."

टाळ्या पडल्या. हसू नका म्हटलं ना! तुमच्या गावात नाही पडत असल्या टाळ्या?

जड म्हणून धोंडबा रानडुक्कर निवडला गेला. तो महाराणींच्या मर्जीतला. त्याला 'भारप्रमुख' नेमलं. त्यानं रोज भागाच्या मागे उजव्या अंगाला बसायचं, आणि वजन घटू नये म्हणून सरकारी रताळी खायची.

खोटं कशाला बोला, भागालाही बरं वाटलं. हाताला ओढ कमी झाली. ती गप्प बसली. तिथं चुकलीच ती.

कारण खाली मोडलं होतं ते मोडलेलंच होतं. तुम्हाला सांगते, दरबाराला सांगू नका. पुढच्या डाव्या चाकावरचा पाटा मोडला होता. पाटा म्हणजे गाडीचं ओझं तोलणाऱ्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. एवढंच. कुठलाही मिस्त्री सांगेल. पण त्यासाठी बघावं लागतं.

मोडका पाटा आणखी खचला, जीप पुन्हा डावीकडे ओढायला लागली, तशी भागा पुन्हा ओरडली, "आता तरी खाली बघा!"

धोंडबा रताळं चावत म्हणाला, "भागाबाई, गाडी नीट झाली तर मी बसू कुठं?"

"जमिनीवर बस. जमीन काय मोडलीय?"

झालं. सगळी रानडुकरं दरबारासमोर येऊन बसली. आमच्या धोंडबाच्या पोटावर पाय आणू नका म्हणून. महाराजांनी दुरुस्तीचं नाव काढायला बंदी केली आणि रताळी वाढवून दिली.

धोंडबा फुगला. फुगता फुगता एका खड्ड्यात काडकन् आवाज झाला आणि उजव्या अंगाचा पाटाही मोडला.

आणि काय चमत्कार! जीप सरळ झाली. दोन्ही अंगांनी सारखी मोडल्यावर कलणार कुठं?

जंगलात साखर वाटली. टिकोजीला शाल मिळाली. जीपचं पोट आता दगडांना घासत होतं, पण ते खालचं होतं, कोण बघतो?

भागानं मोकळ्या माळावर जीप फिरवून बघितली. स्टिअरिंग गरागरा फिरायचं. चाकं आपली तशीच. वळायची त्यांना इच्छाच नाही. दगडांना घासून घासून चाकं वळवणारा खालचा दांडाच तुटला होता.

ती धावत दरबारात गेली. "सरळ जाते, पण वळत नाही!"

महाराज वैतागले. "तुझी तक्रार काय होती? सरळ जात नाही. आता जाते. आता काय गाडीनं फुगडी घालायची?"

दुसऱ्या दिवशी मिरवणूक ठरली होती. जीपला पताका लावल्या. पिलांना आत बसवलं. भागानं एकेकाला मानेला धरून खाली उतरवलं.

"अगं, महाराज रागावतील," हरिणी कुजबुजली. "बसू दे ना पाडसाला, एका दिवसानं काय होतंय?"

"तुला हौस असेल तर तू बस. पाडस मी नेते."

हरिणी बसली नाही.

महाराजांनी भागाला तिथल्या तिथं कामावरून काढलं. स्टिअरिंगवर टिकोजी बसला. शेजारी महाराज, मागे धोंडबा. भागा पिलांना घेऊन पायवाटेनं उतरायला लागली.

घाटात पहिलं वळण आलं. वळण उजवीकडे गेलं. जीप सरळ गेली.

खाली म्हशींचं डबकं होतं म्हणून जीव वाचले. महाराजांची आयाळ शेणानं माखली. टिकोजीचा हात मोडला. धोंडबा चिखलात पडला, त्याचं तर माहेरच ते. जीप चाकं वर करून पडली. त्या दिवशी सगळ्या जंगलानं जीपची खालची बाजू पहिल्यांदा बघितली. मोडके पाटे उन्हात चकाकत होते.

बघितलं, आणि सगळ्यांनी माना फिरवल्या.

चौकशी झाली. टिकोजीनं गळ्यात हात अडकवून निकाल दिला. गाडी निर्दोष होती, वळण चुकीच्या जागी होतं. शिवाय भागानं पिलं उतरवल्यामुळे गाडीचा तोल गेला. भागाला शिक्षा झाली, की पिलांना रोज पायी शाळेत न्यायचं.

ती नेते. एकही पिल्लू अजून हरवलेलं नाही. त्याबद्दल तिला शाल मात्र कुणी दिली नाही.

तात्पर्य: बाळांनो, काही बिघडलं तर खाली वाकून बघू नका. वाकणाऱ्याच्या पाठीला चिखल लागतो, वर बसणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो. म्हणून हार हवा असेल तर वर बसा. घरी पोचायचं असेल तर चालत जा.