शेडमधले नव्वद दिवस

अंब्रोस पाइकने ठरवलं, यंदा टॅक्सचा फॉर्म बायकोच्या आधी भरायचा. एवढंच. (मोठमोठी संकटं अशा 'एवढंच'नेच सुरू होतात.)

कॅनडात प्रत्येक खरेदीवर भरलेल्या करातला थोडा हिस्सा बेताच्या कमाईच्या घरांना सरकार वर्षातून चारदा परत करतं. पण नवराबायकोंत चेक मिळतो एकालाच, ज्याचा फॉर्म आधी तपासून होईल त्याला. अकरा वर्षं तो त्याच्या बायकोला, फिलोमीनाला मिळत होता आणि त्याचे पडदे होत होते. न्यूफाउंडलंडच्या त्या कोळीगावात इतके पडदे दुसऱ्या कुठल्याच घरात नव्हते. अंब्रोसला मात्र गावातल्या विल्फ्रेडकडची बोटीची जुनी मोटर हवी होती. वल्ही मारमारून त्याचे खांदे कामातून गेले होते, आणि विल्फ्रेड चार हप्त्यांत द्यायला तयार होता.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी "शेडमध्ये जाळी दुरुस्त करतोय" असं सांगून तो चर्चच्या हॉलमध्ये पोचला. तिथे टेसी गावाचे फॉर्म फुकट भरून द्यायची. मागच्या बाकावर दोस्तमंडळी कॉफी पीत बसली होती.

"लग्न झालंय?" टेसीने विचारलं.

"झालंय की! पण राहतो मी शेडमध्ये." (अ‍ॅकॉर्डियन वाजवतो म्हणून फिलोमीनाने नोव्हेंबरात त्याला घराबाहेर काढलं होतं. जेवायला आणि झोपायला तो घरातच असायचा. पण दोस्तांपुढे एवढा तपशील कोण सांगतो?)

टेसीचं पेन थांबलं. "नव्वद दिवस झाले याला?"

"शंभर म्हण!"

"आणि फिलोमीना?"

"ती घरात, मी शेडमध्ये. दोघंही सुखात!"

"अरेरे," टेसी म्हणाली. "कर इथे सही."

न वाचता सही ठोकून अंब्रोस शीळ घालत परतला. (नव्वद दिवस वेगळं राहिलं की सरकार नवराबायकोला विभक्त धरतं, हे त्याच कागदावर लिहिलं होतं.) उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो हाच.

दोस्तांनी बातमी गावभर पोचवायचं आपलं काम चोख केलं. चार वाजेपर्यंत फिलोमीनाच्या टेबलावर ब्लूबेरीचे दोन केक आणि कॉड माशाचे वडे येऊन पडले. शेजारच्या ब्राइडने तर तिला मिठीच मारली.

"धीर सोडू नकोस गं बाई!"

"कसला धीर?"

"गेला तर जाऊ दे तो शेडवाला. माझा भाऊ विधुर आहे, आणि त्याच्या बोटीला मोटर आहे!"

वड्याचा घास चावत फिलोमीना शेडमध्ये आली. "आपण वेगळे झालो म्हणे. मला कुणी कळवलं नाही."

अंब्रोसच्या हातातून अ‍ॅकॉर्डियन निसटलं आणि केविलवाणं किंचाळलं. त्याने सगळं कबूल केलं.

"छान! सरकारी कागद खोटा कशाला पाडायचा? आजपासून जेवण-झोप इथेच."

"अगं, बाहेर बर्फ पडतोय!"

"शंभर दिवसांची सवय आहे ना तुला?" आणि ती चालू लागली.

आता मात्र अंब्रोस खरोखर घाबरला. लग्नाच्या अडतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, ही खरंच गेली तर? मोटरबिटर सगळं डोक्यातून उडालं. तो तसाच अनवाणी तिच्यामागे बर्फातून धावला, आणि सकाळी दोघं टेसीसमोर हजर झाली.

"फॉर्म कालच गेला," टेसी म्हणाली. "दुरुस्ती पाठवू. पण तुम्ही एकत्र राहता असं फिलोमीनाने सहीनिशी लिहून द्यायला हवं."

फिलोमीना पेन धरून बराच वेळ विचार करत राहिली. (इतका विचार तिने लग्नाच्या वेळीही केला नव्हता.) "करते सही. पण टेसी, आलेच आहे तर माझाही फॉर्म भरून टाक."

तिचा फॉर्म पंधरा दिवसांत तपासून झाला. अंब्रोसचा दुरुस्तीत अडकला तो जूनपर्यंत. जुलैत चेक आला, फिलोमीनाच्या नावे. तेलही गेलं, तूपही गेलं.

पण पडदे आले नाहीत. फिलोमीनाने विल्फ्रेडला पहिला हप्ता देऊन मोटरच आणली. अंब्रोसला गहिवरून आलं. "मला माहीत होतं, तुझा जीव आहे माझ्यावर!"

"आहे ना. सरक बाजूला." मोटरपाशी बसून तिने दोरी खेचली. "एकत्र राहायचंय ना? मग पुढे बस आणि बोटीतलं पाणी उपस."

अंब्रोस मुकाट्याने पुढे बसला. (पाणी उपसायचा डबा मात्र त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता.)