दाम्बाचं गवत

दाम्बाने टेकडीवर चढून फोन घेतला आणि शिष्टाचार पाळला, एवढाच त्याचा गुन्हा. गोबी वाळवंटाच्या त्या भागात रेंज फक्त टेकडीवर मिळते. पलीकडून दूरच्या नात्यातल्या चोइंबोलने विचारलं, "गवत कसं आहे, दादा?" या प्रश्नाला "छान" सोडून काहीही उत्तर देणं म्हणजे अपशकुन. दाम्बा म्हणाला, "छान आहे."

त्याच्या बायकोने, सेवजिदने, हे ऐकलं तेव्हा ती शेळ्यांच्या तोंडची पिवळी काडी बघत होती. पावसाने दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. उरलेला चारा त्यांच्या मूठभर शेळ्यांना हिवाळ्यापर्यंत जेमतेम पुरला असता.

"असं कशाला सांगितलंस?"

"मग काय, वाईट आहे म्हणू? लोक काय म्हणतील?"

"लोक? कुठे आहेत लोक?"

नजर पोचेल तिथवर कोणी नव्हतं. ते आठवड्याभरात आले. आधी चोइंबोल मेंढ्यांनी भरलेला ट्रक घेऊन आला, मग त्याची सासुरवाडी, मग सासुरवाडीचे शेजारी. लोकसंख्या वाढावी म्हणून सरकार लेकुरवाळ्या बायकांना पदकं देतं. दाम्बाने ती एका फोनवर वाढवून दाखवली, त्याला कोणी साधं विचारलंही नाही. उलट प्रत्येकजण हक्काने सेवजिदच्या तंबूत शिरून खारट चहा पिऊन गेला.

शेवटी चहा ओतता ओतता तिने नको ते केलं. खरं बोलली.

"इथे गवत नाही, चोइंबोल. विहीर तळाला गेलीय. असेच राहिलात तर हिवाळ्यात सगळ्यांची जनावरं मरतील."

इतकं अभद्र आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. चोइंबोलने वाडगा खाली ठेवून स्वतःच्या बायकोकडे बघितलं.

"वहिनी, तुम्ही इतकं खोटं बोलताय म्हणजे जवळपास नक्की काहीतरी झक्कास दडवलंय." आणि तो आपल्या भावाला फोन करून बोलवायला टेकडीवर गेला.

सेवजिदने दुसऱ्या दिवशी सकाळीच तंबू उतरवायला घेतला. सगळे मदतीला धावले. दोऱ्या सोडल्या, तंबूचे लोकरी नमदे गुंडाळले, शेळ्या दाम्बाच्या ट्रकमध्ये चढवल्या. एवढी माया तिला लग्नातही मिळाली नव्हती. मग आपापले तंबू त्यांनी त्याहून झपाट्याने उतरवले.

ट्रक सुटला. मागे आभाळापर्यंत धूळ.

"कुठे चाललोय आपण?" सेवजिदने विचारलं.

"तू निघू म्हणालीस, म्हणून निघालो. मला वाटलं तुला माहीत आहे."

तेवढ्यात चोइंबोलने भोंगा वाजवत त्यांना मागे टाकलं. चांगली जागा आधी गाठायची होती त्याला. मग सासुरवाडी पुढे गेली, मग शेजारी. प्रत्येकाने जाता जाता आदराने हात हलवला. दाम्बानेही हलवला.

धूळ क्षितिजापलीकडे गेली. सेवजिदने मागे वळून रिकाम्या कुरणाकडे बघितलं.

"वळव," ती म्हणाली. "आणि फोन इकडे दे माझ्याकडे."